वाचकांचे प्रश्न : बालसाहित्याच्या जागतिक परिषदा कोणासाठी?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय परिषदांविषयी वाचते तेव्हा वाटते की मोठी माणसे जमतात, भाषणे होतात आणि सगळे आपापल्या गावी परततात. अशा परिषदेमुळे खरोखर एखाद्या मुलाच्या हाती पुस्तक पडते का?

उत्तर : पडते, आणि त्याचा दाखला या चळवळीच्या जन्मकथेतच सापडतो. येला लेपमान या ज्यू पत्रकार हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून इंग्लंडला गेल्या होत्या. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सल्लागार म्हणून त्या परतल्या, तेव्हा उद्ध्वस्त शहरांतील मुलांना अन्नवस्त्राबरोबर पुस्तकेही हवीत, असा आग्रह त्यांनी धरला आणि देशोदेशी पत्रे पाठवून मुलांची पुस्तके मागितली. बेल्जियमने प्रथम नकार दिला, कारण जर्मन सैन्य त्या देशात दोनदा घुसले होते. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले आणि तेथूनही पुस्तके आली. जुलै १९४६ मध्ये म्युनिकला या पुस्तकांचे प्रदर्शन भरले. पुढे ते बर्लिनला गेले, तेव्हा लढायला नकार देऊन फुलांचा वास घेत बसणाऱ्या एका बैलाची अमेरिकन गोष्ट लेपमान यांनी स्वतः जर्मन भाषेत आणली, वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापून घेतल्या आणि त्या मुलांना वाटल्या. पुस्तक परदेशातून आले एवढ्याने काम भागत नाही, ते मुलाच्या भाषेत यावे लागते, हे त्यांना पहिल्याच वर्षी उमगले होते.

या प्रदर्शनातून १९४९ मध्ये म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालवाचनालय उभे राहिले. १९५१ मध्ये लेपमान यांनी त्याच शहरात लेखक, प्रकाशक, शिक्षक आणि ग्रंथपाल यांची परिषद बोलावली, आणि त्या बैठकीत रुजलेल्या कल्पनेतून १९५३ मध्ये झुरिकला ‘इब्बी’, म्हणजे बालपुस्तकांचे आंतरराष्ट्रीय मंडळ, स्थापन झाले. आपण ज्यांना नुसती भाषणे म्हणता, त्यांपैकी एका परिषदेचे हे फलित आहे. डॅनिश परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांच्या नावाचा, आज बालसाहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार हेच मंडळ दर दोन वर्षांनी देते.

मंडळाची जागतिक परिषदही दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते, आणि तेथे ‘सन्मान यादी’ जाहीर होते. प्रत्येक देशाची शाखा आपल्याकडील लेखन, चित्रे आणि अनुवाद यांसाठी पुस्तके सुचवते. अनुवादकाला लेखक आणि चित्रकाराच्या पंक्तीत बसवणारी ही रीत मला या साऱ्या उपक्रमात सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर छापण्यासाठीसुद्धा अजून पुष्कळदा भांडावे लागते.

भारताचाही यात वाटा आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९८१ मध्ये दिल्लीत सुरू केलेली, मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांची व चित्रकारांची संघटना ही मंडळाची भारतीय शाखा आहे, आणि १९९८ ची जागतिक परिषद नवी दिल्लीत ‘बालपुस्तकांतून शांतता’ या विषयावर भरली होती. जपानच्या तत्कालीन सम्राज्ञी मिचिको यांना त्या परिषदेला प्रत्यक्ष येता आले नाही, म्हणून त्यांचे बीजभाषण चित्रफितीद्वारे दाखवण्यात आले. आपल्या शंखात दुःखच भरले आहे, असे जाणवलेल्या एका गोगलगाईची बालपणी ऐकलेली गोष्ट त्यांनी त्यात सांगितली. याच मिचिको यांनी मिचिओ मादो या जपानी कवीच्या बालकविता इंग्रजीत आणल्या होत्या, आणि १९९४ मध्ये मादो यांना अँडरसन पुरस्कार मिळाला. अनुवाद झाला नसता तर परीक्षकांपैकी कितीजणांना त्या कविता वाचता आल्या असत्या?

आपल्या वाचनालयापुरते सांगायचे, तर सन्मान याद्या आपण खरेदीसाठी वापराव्यात. त्यांतील प्रत्येक पुस्तक मराठीत मिळणार नाही. मात्र हिंदी किंवा इंग्रजी आवृत्ती मागवून, त्यातील एखादी गोष्ट दर शनिवारी मराठीत सांगणे ग्रंथपालाला सहज जमण्यासारखे आहे. अँडरसनचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन १९६७ पासून पाळला जातो. त्या दिवसाचा संदेश दरवर्षी एक देश लिहितो; २००५ मध्ये तो मान भारताला मिळाला आणि मनोरमा जफा यांनी संदेश लिहिला. अशा गोष्टवाचनाची सुरुवात आपण त्याच दिवशी करू शकता.

प्रश्न : मी मुलांसाठी मराठीत लिहिते. माझे पुस्तक बोलोन्याच्या मेळ्यात पोहोचावे, यासाठी काय करावे?

उत्तर : इटलीतील बोलोन्या शहरात १९६४ पासून भरणारा हा मेळा आपल्या ग्रंथप्रदर्शनांसारखा नाही. तेथे वाचकांना पुस्तके विकणे हा हेतू नसून प्रकाशक, लेखकांचे प्रतिनिधी आणि चित्रकार यांच्यात पुस्तक दुसऱ्या भाषेत वा देशात छापण्याच्या हक्कांची बोलणी होतात. त्यामुळे छापील मराठी पुस्तक नुसते नेऊन उपयोग नाही. संपूर्ण मजकुराचा नेटका इंग्रजी अनुवाद, चित्रांची काही पाने आणि परभाषेतील हक्क कोणाकडे आहेत याचा लेखी उलगडा, इतकी तयारी हवी. शेवटची बाब आपल्या करारांत अनेकदा मोघम राहते, म्हणून प्रकाशकाशी ती आधी स्पष्ट करून घ्या. अनुवाद घाईने उरकू नका. चित्रपुस्तकात वाक्ये मोजकीच असतात आणि त्यांची लय हरवली तर काहीच उरत नाही. आपल्या चित्रकाराला मेळ्यातील चित्रप्रदर्शनाच्या स्पर्धेची माहिती अवश्य द्या. पहिला सराव जवळ करायचा असेल, तर नवी दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्यात नॅशनल बुक ट्रस्ट हक्कांच्या देवाणघेवाणीसाठी ‘राइट्स टेबल’ भरवते, तेथे प्रकाशकामार्फत जावे.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातील माझ्या वर्गात घरी पावरी बोलणारी मुले आहेत. मराठी पुस्तकेच त्यांना जड जातात, मग जगभरातील पुस्तकांचे काय करायचे?

उत्तर : गुरुजी, आपल्या वर्गाला उपयोगी पडेल असा एक संग्रह नेमका अशाच अडचणीतून जन्मला आहे. इटलीच्या लांपेदुझा बेटावर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून समुद्रमार्गे निर्वासित येतात. तेथे मुलांसाठी वाचनालय काढताना, येणारी मुले आणि बेटावरची मुले मिळून कोणत्या भाषेत वाचतील, असा पेच होता. २०१२ मध्ये ‘इब्बी’ने आपल्या देशोदेशीच्या शाखांकडून शब्दच नसलेली चित्रपुस्तके मागवली, आणि तो संग्रह पुढे प्रदर्शनरूपाने अनेक देशांत फिरला. अशी पुस्तके भारतीय प्रकाशकांकडेही मिळतात. एक पुस्तक मुलांच्या घोळक्यात उघडा आणि स्वतः काही न बोलता पाने उलटत राहा. मुलांनी गोष्ट आधी पावरीत सांगू द्या, तिच्यावर वाद घालू द्या. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्यांच्याकडून मराठीत ऐकून, त्यांचीच वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पानात ठेवा. मुलांनी सांगितलेली पावरी वाक्येही देवनागरीत लिहून, त्याच पानावर मराठी चिठ्ठीच्या वरच्या बाजूला लावा.