इंग्लंडच्या कामगारवस्तीतून आलेला एखादा प्रादेशिक कादंबरीकार सांगाल का? सुरुवात कुठून करू?

ॲलन सिलिटो. जन्म १९२८, नॉटिंगहॅम. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात कायम ओढाताण. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा थेट रॅलेच्या सायकल कारखान्यात. पुढे हवाई दलात रेडिओ ऑपरेटर म्हणून मलायात गेला. तिथून परतल्यावर क्षयाचं निदान झालं. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने वाचनाचा सपाटा लावला, लिहायलाही लागला. मायोर्का बेटावर राहत असताना कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जने सल्ला दिला की, बाबा, नॉटिंगहॅमबद्दल लिही!

त्यातून १९५८ साली ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ आली. सुरुवात इथूनच करा. नायक आर्थर लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतो, मजुरी नगावर. पण तो मुद्दाम हात आवरता घेतो, कारण जास्त माल काढला की साहेब लोक नगाचा दरच उतरवणार! ही मेख कारखान्यात घाम गाळलेल्यालाच ठाऊक असते. आर्थर काही आदर्श वगैरे नाही. दारू, मारामारी, दुसऱ्याच्या बायकोशी लफडं, सगळं आहे. मला म्हणूनच तो खरा वाटतो. संवाद नॉटिंगहॅमच्या बोलीत आहेत, पहिली वीसेक पानं अडखळाल.

तेवढा धीर नसेल तर १९५९ची ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ ही दीर्घकथा आधी वाचा.