‘बॅक इन ब्लॅक’मध्ये एवढं काय आहे?

तुमचा प्रश्न असा: एसी/डीसी या रॉक बँडच्या ‘बॅक इन ब्लॅक’ अल्बमचं जगभर एवढं कौतुक का, जेव्हा त्यांची सगळी गाणी एकसारखीच वाटतात?

सारखी वाटतात यात तुमचं काही चुकलेलं नाही. मीही वर्षभर हेच म्हणायचो. मग हॉस्टेलात असताना गॅदरिंगसाठी आम्ही या अल्बमचं शीर्षकगीत बसवायला घेतलं आणि सपशेल तोंडावर आपटलो.

रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, दिसायला एकदम सोपी. ई, डी, ए हे तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), बस्स. गिटार हातात घेऊन दोन महिने झालेल्या पोरालाही हे कॉर्ड येतात. आधी हाय-हॅटवर, म्हणजे ड्रममधल्या झांजांच्या जोडीवर, मोजून चार टिचक्या, सोबत दाबून धरलेल्या तारांची खरखर. मग ई एकदाच, दणदणीत. मग गिटार गप्प. डी तीनदा. पुन्हा गप्प. ए तीनदा, आणि मग एक छोटीशी उतरती सुरावट. आमच्या ड्रमरला ती गप्प जागा सहनच होईना. जिथे पोकळी दिसेल तिथे तो एक रोल (भराभर ठोक्यांची लड) घुसडायचा, आणि मी लीड गिटारवाला म्हणून त्यावर माझी कलाकुसर. दोन आठवड्यांनी आमचं गाणं लग्नाच्या वरातीसारखं ऐकू यायला लागलं.

तेव्हा कुठे मूळ रेकॉर्डिंग नीट ऐकलं. गिटार थांबते तेव्हा फिल रडचे ड्रम चालूच असतात, पण काय वाजवतो तो? धूम-टाक, धूम-टाक. ना एक ठोका जास्त, ना कमी. त्या धूम-टाकवर तीन कॉर्ड असे येऊन आदळतात की मान आपोआप हलते. या बँडची सगळी करामत न वाजवण्यात आहे, हे माझं मत तेव्हापासूनचं.

आता अल्बम कसा झाला ते सांगतो, कारण त्याशिवाय कौतुकाचा अर्धा भाग कळत नाही. माल्कम आणि अँगस यंग हे गिटारवादक भाऊ मूळचे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. १९६३ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात गेलं, आणि १९७३ मध्ये सिडनीत या दोघांनी बँड काढला. नाव सुचवलं बहिणीनं, शिलाई मशीनवर लिहिलेलं ‘एसी/डीसी’ वाचून. अँगस स्टेजवर घालतो तो शाळेचा गणवेशही तिचीच कल्पना. १९७४ मध्ये बॉन स्कॉट गायक म्हणून आला आणि बँडला खट्याळ, उडाणटप्पू असा आवाज मिळाला. १९७९ च्या ‘हायवे टू हेल’ अल्बमनं अमेरिकेत दार किलकिलं झालं. आणि १९ फेब्रुवारी १९८० ला, लंडनमध्ये रात्रभर दारू पिऊन गाडीतच झोपलेला बॉन गेला. वय ३३.

बँड बंद करायचा विचार झालाच होता. बॉनच्या आईवडिलांनीच थांबू नका म्हटलं. थोड्याच आठवड्यांत ब्रायन जॉन्सन आला. न्यूकॅसलचा माणूस, ‘जॉर्डी’ नावाच्या बँडचा माजी गायक, त्या वेळी गाड्यांच्या छपरांना व्हिनाइल चढवण्याचा धंदा करत होता. गंमत म्हणजे त्याचं गाणं बॉननं पूर्वी ऐकलं होतं आणि त्याची तारीफही केली होती. एप्रिलमध्ये सगळे बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत पोचले, आणि २५ जुलैला अल्बम बाजारात! गायकाच्या मृत्यूपासून जेमतेम पाच महिने.

शीर्षकगीत बॉनसाठी आहे. पण रडगाणं नको, असं जॉन्सनला आधीच बजावलं होतं. म्हणून शब्दांत मिजास आहे, शोक नाही. शोक आहे तो पहिल्या गाण्याच्या, ‘हेल्स बेल्स’च्या, घंटेत. त्यासाठी इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या युद्धस्मारकातली घंटा रेकॉर्ड करायला गेले, तर प्रत्येक टोल्यासरशी आत बसलेली पाखरं फडफडत उडायची. शेवटी त्याच गावातल्या जॉन टेलर कंपनीनं बँडसाठी टनभर वजनाची घंटा ओतली आणि ती कारखान्यातच रेकॉर्ड केली. कव्हर तर पूर्ण काळं हवं होतं. रेकॉर्ड कंपनी कुरकुरली, म्हणून नावाभोवती करड्या रंगाची बारीक रेघ काढून तडजोड झाली. सुतकच ते.

दुसरं श्रेय निर्माता मट लँगचं. आवाज एवढा मोठा वाटतो, पण गिटारचा फाटकेपणा, म्हणजे डिस्टॉर्शन, आपण समजतो त्याच्या निम्माही नाही. विश्वास बसत नसेल तर तुमच्या अॅम्पचा गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) निम्म्यावर आणा आणि हात जोरात चालवा. माल्कमच्या जुन्या ग्रेच गिटारला ब्रिजजवळचा (तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) एकच पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, उरला होता, तारा जाड, आणि उजवा हात सुताराचा. लोक अँगसच्या उड्या बघतात. बँड चालवायचा माल्कम.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. ‘गिव्हिन द डॉग अ बोन’सारख्या गाण्यांचे द्व्यर्थी शब्द आज ऐकताना कानकोंडं होतं. तरी दहा गाण्यांत, साधारण ४२ मिनिटांत, एकही संथ प्रेमगीत घुसवलेलं नाही याचं मला अजून कौतुक आहे. खप जगभरात पाच कोटींच्या आसपास धरतात. एकट्या अमेरिकेत अडीच कोटींचं प्रमाणपत्र २०१९ मध्ये मिळालं. आणि तिथे तो पहिल्या क्रमांकावर कधीच गेला नाही, चौथ्यावर अडकला!

पुढची वाटचाल थोडक्यात: १९८१ चा अल्बम अमेरिकेत पहिला आला, मग दशकभर घसरण, १९९० मध्ये ‘थंडरस्ट्रक’ गाण्यानं पुन्हा उसळी. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कम बाजूला झाला, पुतण्या स्टीव्ही त्याच्या जागी आला. २०१६ मध्ये जॉन्सनच्या कानांनी दगा दिला तेव्हा दौरा ‘गन्स एन रोझेस’ बँडचा गायक अॅक्सल रोझनं पुरा केला. २०१७ च्या नोव्हेंबरात माल्कम गेला. २०२० मध्ये जॉन्सनसकट ‘पॉवर अप’ अल्बम आला, आणि हेडफोनवर ऐकलं तर तेच तीन-चार कॉर्ड, तीच धूम-टाक.

तर सारखेपणाबद्दल मी वाद घालणार नाही. एक करून बघा: हेडफोन लावा, एका कानात माल्कम आणि दुसऱ्यात अँगस वेगळे ऐकू येतात का ते पाहा, आणि सोलोची वाट न बघता फक्त ऱ्हिदमवर, म्हणजे मागच्या ठेक्याच्या गिटारवर, लक्ष ठेवा. आणि अल्बमचं शेवटचं गाणं वगळू नका. त्याच्या सुरुवातीला जॉन्सन बोलायच्या आधी सिगारेटचा झुरका ओढताना स्पष्ट ऐकू येतो.