ऑक्सिमीटरमधले सेल काढ आधी

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३६, वर्षभर रात्री आडवं झालं की धडधड, आता संपलंच असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणतात पॅनिक अटॅक. सासूबाई म्हणतात नखरे. "सासूबाईंना कसं समजावू? नवरा मात्र खूप जपतो, मी छातीवर हात ठेवला तरी लगेच ऑक्सिमीटर लावतो."

अगं, सासूबाईंवर दीड पान आणि नवऱ्यावर एक ओळ, पण माझं लक्ष त्या ओळीवरच अडकलं. कोविडमधलं ते यंत्र अजून उशाशी? सासूबाई बोलतात त्या बोलू देत, त्याने रात्रीची धडधड वाढत नाही, वाढवतोय तो हा जपणारा माणूस.

धडधड खरीच असते हं. मेंदूत इन्सुला नावाचा भाग आहे, हृदयाच्या, पोटाच्या, श्वासाच्या खबरा तिथे पोचतात आणि मग ठरतं की हे ठोके जिना चढल्याचे की संकटाचे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी प्रकाश वापरून उंदरांचे ठोके मिनिटाला ९०० वर नेले (त्यांचे एरवीही सहाशेच्या आसपास असतात, दचकू नको), तरी उंदीर सरसकट घाबरले नाहीत, जिथे मुळात धोका वाटतो त्या उघड्या जागीच जास्त बिचकले. आणि इन्सुला शांत केला तर ठोके तेवढेच ठेवूनही भीती कमी झाली.

आता तुमची बेडरूम बघ. तू हललीस की हा ताडकन उठतो, लाईट लावतो, बोटाला चिमटा, दोघं श्वास धरून आकड्याकडे बघताय, ९८ आला की हुश्श. मेंदूने यातून काय घेतलं? की आकड्याने वाचवलं, म्हणजे संकट होतंच! धोक्याची जागा तुम्ही दोघांनी मिळून तयार केलीय गं, रोज रात्री.

सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घाल. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घेऊन सकाळी पांडवलेणी चढायला लाग, एकटी, स्मार्टवॉच घरी ठेवून. छाती धडधडेल, धडधडू दे, मध्ये बसून नाडी बघायची नाही, वर जाऊन ठोके आपोआप उतरेपर्यंत उभी राहा. पॅनिकच्या थेरपीतही असंच करतात, मुद्दाम जिने चढायला लावतात, खुर्चीत गरगर फिरवतात. चढताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र सरळ डॉक्टर. नुसती भीती वाटली तर दुसऱ्या दिवशी परत जायचं, आणि नवऱ्याने खाली गाडीत बसून वाट बघायची नाही, हे त्याला माझं नाव घेऊन सांग.