हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, हेक्झेन, ॲसिटोन या द्रावकांशिवाय काढता येतं का?

हो, येतं. माझं पहिलं मत इथेनॉलला, म्हणजे साध्या अल्कोहोलला.

घरी करून बघा. चिमूटभर हळद पाण्यात ढवळली की ती तळाशी बसते, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. तीच चिमूट अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरच्या चार थेंबांत कालवा, क्षणात गडद केशरी रंग सुटतो. इथेनॉल उसाच्या मळीपासून बनतं, ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे उडवून परत वापरता येतं. हेक्झेन पेट्रोलियममधून येतं आणि त्याची वाफ मज्जातंतूंना घातक. सांगलीसारख्या भागात हळद आणि ऊस दोन्ही हाताशी असताना हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडबद्दल मात्र एक गैरसमज आहे, की तो एकटाच कर्क्युमिन काढतो. ३१ अंश आणि सुमारे ७४ बार दाबाच्या वर तो वायू द्रवासारखा विरघळवतो, दाब सोडला की उडून जातो, मागे अंश उरत नाही. पण तो ओढतो मुख्यतः सुगंधी तेल. कर्क्युमिन हवं तर त्यात थोडं इथेनॉल मिसळावंच लागतं. शिवाय यंत्रणा महाग.

तिसरा पर्याय डीप युटेक्टिक द्रावकांचा, म्हणजे दोन पदार्थ मिसळले की पातळ होणाऱ्या मिश्रणांचा. उदाहरणार्थ कोलीन क्लोराइड आणि युरिया, दोन्ही पांढरी पूड. १:२ प्रमाणात एकत्र तापवली की पातळ होतात आणि गार झाल्यावरही पातळच राहतात! हळदीसाठी युरियाऐवजी सहसा लॅक्टिक आम्लासारखं काही घेतात. अडचण एकच: हे द्रावक उडत नाही, म्हणून पाणी घालून कर्क्युमिन खाली बसवावं लागतं.

लहान उद्योगासाठी विचारत असाल तर इथेनॉलनेच सुरुवात करा, फक्त परवाना आणि आगीची काळजी आधी बघा.