वाचकांचे प्रश्न : झूलन गोस्वामीची कारकीर्द आणि सांगलीतील एक वेगवान गोलंदाज

प्रश्न : भारताची वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी हिने एकही विश्वचषक जिंकला नाही. मग तिची गणना सर्वश्रेष्ठ गोलंदाजांत करणे कितपत योग्य आहे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : विश्वचषक हा अकरा जणींच्या खेळाचा निकाल असतो. एका गोलंदाजाची योग्यता तेवढ्यावरून ठरवणे आम्हाला मान्य नाही. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर झालेला अंतिम सामना आठवून पाहावा. इंग्लंडच्या ३ बाद १४६ धावा झालेल्या असताना झूलनने लागोपाठच्या दोन चेंडूंवर सारा टेलर आणि फ्रॅन विल्सन यांना बाद केले, पुढे अर्धशतक झळकावलेल्या नॅटली सिव्हरलाही पायचीत केले आणि १० षटकांत ३ निर्धाव षटके टाकून अवघ्या २३ धावांत ३ बळी घेतले. इंग्लंडला २२८ धावाच करता आल्या. भारताचा डाव मात्र ३ बाद १९१ वरून २१९ धावांत आटोपला आणि ९ धावांनी विश्वचषक हुकला. या पराभवाचा दोष झूलनच्या गोलंदाजीला कोणीही देऊ शकणार नाही.

तिने २०४ एकदिवसीय सामन्यांत २५५, १२ कसोटींत ४४ आणि ६८ टी-ट्वेंटी सामन्यांत ५६, असे एकूण ३५५ आंतरराष्ट्रीय बळी मिळवले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये २०० आणि २५० बळींचे टप्पे सर्वप्रथम तिनेच गाठले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा खेळाडूंनी मैदानातच तो निवृत्त झूलनच्या हाती दिला. आपला प्रश्न त्या खेळाडूंना विचारला असता, तर त्यांचे उत्तर काय आले असते हे त्या कृतीतून पुरेसे स्पष्ट होते.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी अंगाने उंच आहे आणि तिला वेगवान गोलंदाजीच करायची आहे. स्मृती मानधनाच्या गावात राहून गोलंदाजी कसली करतेस, फलंदाजी शीक, असे सगळे तिला सांगतात. तिच्या आजीला वाटते की वेगवान गोलंदाजीने मुलीच्या शरीराचे नुकसान होते आणि खेळही लवकर संपतो. झूलनने इतकी वर्षे कशी काढली?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, माधवनगरच्या स्मृतीचा अभिमान आम्हालाही आहे, परंतु सांगली ही केवळ फलंदाजांची भूमी आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्यांना विजय हजारे यांची आठवण करून द्यावी. सांगलीत जन्मलेले हजारे फलंदाज म्हणून गाजले हे खरे, पण ते मध्यमगती गोलंदाजीही करत असत आणि १९४८ च्या अ‍ॅडलेड कसोटीत द्विशतक केलेल्या डॉन ब्रॅडमन यांचा त्रिफळा त्यांनीच उडवला होता.

झूलनचे गाव चाकदाह. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील या गावात तिच्यासाठी प्रशिक्षणाची सोय नव्हती, म्हणून ती पहाटेची लोकल पकडून सुमारे ८० किलोमीटरवरील कोलकात्याच्या विवेकानंद पार्कमध्ये सरावाला जात असे. तिथे प्रशिक्षक स्वपन साधू यांनी तिला घडवले. डिसेंबर १९९७ मध्ये ईडन गार्डन्सवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्या वेळी पंधरा वर्षांची झूलन सीमारेषेबाहेर चेंडू उचलून देणाऱ्या मुलींमध्ये होती, आणि जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, चेन्नईत इंग्लंडविरुद्ध तिने भारतातर्फे पहिला सामना खेळला. तेव्हा तेरा हे वय उशिराचे मुळीच नाही.

तिच्या कारकिर्दीतील एक गोष्ट मात्र आजही मनाला लागते. २००६ मध्ये टॉन्टन कसोटीत तिने दोन्ही डावांत पाच-पाच, म्हणजे ७८ धावांत १० बळी घेतले आणि भारतीय महिलांनी इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. पुढच्याच वर्षी ती आयसीसीची वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. एवढे होऊनही भारतीय महिला संघाच्या वाट्याला पुढची कसोटी आली ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये. वेगवान गोलंदाजाची ऐन भरातील आठ वर्षे एकाही कसोटीविना गेली, आणि तिच्या नावावर जेमतेम १२ कसोटी का आहेत याचे हे एक मोठे कारण आहे.

आजींच्या शंकेकडे दुर्लक्ष करू नये, कारण वेगवान गोलंदाजीत कंबर, गुडघा आणि टाच यांच्यावर मोठा ताण पडतो हे खरेच आहे. झूलनलाही दुखापतींनी सोडले नाही. २०२२ च्या विश्वचषकातील अखेरच्या साखळी सामन्याला ती बरगडीलगतचा स्नायू दुखावल्यामुळे मुकली. तरीही ती वीस वर्षांहून अधिक काळ खेळली. केवळ वेगावर न विसंबता अचूक टप्पा आणि उजव्या हाताच्या फलंदाजाला आत येणारा चेंडू यांवर तिने भर दिला. २०१८ मध्ये टी-ट्वेंटीतून निवृत्त होऊन तिने आपले बळ एकदिवसीय सामन्यांसाठी राखले आणि २४ सप्टेंबर २०२२ रोजी, चाळिशीला दोन महिने उरले असताना, लॉर्ड्सवरील अखेरच्या सामन्यातही ३० धावांत २ बळी घेतले.

आपल्या भागात मुलींचे संघ कमी असल्यामुळे अशा मुली बहुधा मुलांच्या नेटमध्ये सराव करतात, आणि फलंदाजांना गोलंदाज हवाच असल्याने उंच, उत्साही मुलीकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेतले जातात. आम्हाला खरी काळजी वाटते ती याची. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये, म्हणजे एका सलग टप्प्यात, ५ आणि दिवसभरात १० षटकांची मर्यादा घालून दिली आहे. तीच आपल्या मुलीच्या बाबतीत पाळावी आणि सरावातले चेंडूही मोजून वहीत लिहून ठेवावेत. पुरुषांचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. मुलांच्या नेटमध्येही तिच्या हातात हलकाच चेंडू असावा, असे प्रशिक्षकांना आवर्जून सांगावे. पाठदुखी दोन-तीन दिवसांत थांबली नाही, तर मलम चोळून तिला पुन्हा मैदानात न पाठवता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बीसीसीआय १५ वर्षांखालील मुलींची स्पर्धा घेते आणि सांगली जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, त्यामुळे निवड चाचण्यांची चौकशी जिल्हा संघटनेकडे आतापासूनच करावी. चाचणीचा अर्ज भरताना मात्र ‘वेगवान गोलंदाज’ असेच लिहावे.