वाचकांचे प्रश्न : आजीची साडी चित्रात

प्रश्न : आजीची सुती नऊवारी आणि तिची पत्रं वापरून मिश्रमाध्यमातली चित्रं करते आहे. कापडाला फुगे येतात, साडीचा लाल रंग पांढऱ्यात उतरतो. काय चुकतंय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : बहुधा खळ आणि घाई. साडी कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा अ‍ॅक्रिलिकखाली नको, कारण पाण्यासोबत रंग वर येत राहतो. ताणलेला कॅनव्हास जाड कापडाने झोळ धरतो, म्हणून १२ मिमी प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंना प्रायमरचे २ हात द्या. एकाच बाजूला दिल्यास फळी वाकते. अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (रंग नसलेलं, चमक न देणारं चिकट द्रव्य) फळीवर आणि कापडाच्या मागे लावा, मधून कडेकडे तळहाताने दाबा. पुण्याच्या पावसाळ्यात २४ तास पुरत नाहीत, दोन दिवस थांबा. मग मीडियमचा पातळ हात, त्यावर रंग. तैलरंग हवेत तर अगदी शेवटी. त्यांच्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही.

जरीचा काठ चिकटवू नका, ओलाव्याने तांब्याची तार काळी पडते. फळीला बारीक भोकं पाडून दोऱ्याने टाके घाला.

मूळ पत्रं मात्र जपून ठेवा. लेझर झेरॉक्स वापरा, इंकजेटची शाई पसरते.

आणि पदराचं विरलेलं, रफू केलेलं कापड रंगाखाली झाकू नका. त्या बाईने साडी किती वर्षं चालवली, ते तिथेच दिसतं.