परदेशात जोडीने फिरताना तिथली बिअर चाखायची तर एकच ग्लास वाटून घ्यावा की दोघांनी वेगवेगळी मागवावी?

वेगवेगळी मागवा. आणि आपापला ग्लास आपणच संपवा. का ते सांगते, पण त्यासाठी आमच्या घरातलं एक जुनं भांडण उकरावं लागेल.

माझ्या नवऱ्याकडे एक वही आहे. तिच्यात रकाने आखलेले: रंग, वास, फेस, चव आणि दहापैकी गुण. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकाच्या सहलीत ही वही माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्या हातात होती. त्याचा हिशेब सरळ: पोटात जागा मर्यादित, बिअर अगणित, म्हणून एक छोटा ग्लास मागवायचा, दोन घोट त्याने, दोन घोट मी, नोंद, पुढची. उरलेली तशीच टेबलावर. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतात तसं.

जर्मनीतल्या कोलोनमध्ये हे खपलं, कारण तिथली क्योल्श बिअर येतेच मुळी २०० मिलीच्या उभट ग्लासात. तिथल्या वेटरला क्योबेस म्हणतात. ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि तुमच्या कोस्टरवर, म्हणजे ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर, पेन्सिलीने एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तर कोस्टर ग्लासवर झाकायचा. हे आम्हाला नऊ रेघांनंतर कळलं. असो.

खरं भांडण झालं जर्मनीतल्याच बाम्बर्गमध्ये. तिथली खासियत राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. मोड आणलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि तोच धूर बिअरमध्ये उतरतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी माल्ट विस्तवावरच वाळवत, त्यामुळे धुराची चव काही नवलाची नव्हती. धूर माल्टला न लागता वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि ती चव गेली. बाम्बर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या बिअर बनवणाऱ्या दोन जुन्या ब्रुअऱ्यांनी मात्र ती सोडली नाही.

ग्लास आला. रंग काळपट तांबडा, वर मळकट पांढरा फेस. नवऱ्याने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसले. "शेकोटी विझवलेलं पाणी आहे हे," म्हणाला. वहीत १० पैकी २ गुण टाकले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. मग साधी फिकट लागर मागवली. तिलाही धुराचा वास! त्याला वाटलं वेटर चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्या लागरचं माल्ट धुरावरचं नसतं, पण तीही त्याच भांड्यांतून आणि त्याच यीस्टवर तयार होते, म्हणून तिलाही धूर लागतो. तिला ३.

मी माझा ग्लास संपवला. पहिला अर्धा मलाही जड गेला, खोटं कशाला बोलू. मग त्याचा संपवला. तिसरा मागवला तेव्हा गंमत झाली. धूर मागे सरकला आणि त्याच्याखाली भाजलेल्या पावाच्या कडेसारखा गोडवा, मग शेवटी कोरडा कडवटपणा, असं एकेक वर यायला लागलं. मी म्हटलं, आता पुन्हा घोट घे. तो म्हणाला, "नोंद एकदाच होते."

तेव्हापासून त्याचं म्हणणं हेच, की तिसऱ्या ग्लासाला काहीही आवडतं, ती बिअरची नव्हे, नशेची करामत. माझं म्हणणं, नाक एखाद्या वासाला काही मिनिटांत सरावतं आणि मग त्या वासाआड दडलेल्या चवी कळायला लागतात. हा काही मी लावलेला शोध नाही. बाम्बर्गमध्ये येणाऱ्याला हेच सांगतात, की पहिल्या ग्लासावर मत बनवू नका. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, डोकं अगदी ताळ्यावर असताना, मी परत जाऊन एक प्यायले. पहिल्याच घोटाला आवडली. पण नवरा तेव्हा कॅथेड्रलमधला घोडेस्वाराचा पुतळा बघायला गेला होता. त्यामुळे आजतागायत "साक्षीदार कुठे?" हे ऐकते आहे.

साक्षीदार प्रागमध्ये मिळाला, वेगळ्या खटल्याचा. फळ्यावर १०° आणि १२° लिहिलं होतं. वहीवाले म्हणाले, "बारा टक्के अल्कोहोल, तुला झेपणार नाही, तू दहावाली घे." मी वेटरला विचारलं. त्याने आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि समजावलं. हे अंश अल्कोहोलचे नसतात. आंबवण्याआधी द्रवात माल्टची साखर वगैरे किती विरघळलेली होती, त्याचं ते माप. बारावालीत अल्कोहोल साधारण साडेचार-पाच टक्के निघतं, दहावालीत चारच्या आसपास. दोन बारावाल्या आल्या. वहीत त्या दिवशी नोंदच नाही.

तर तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की दिवसाला दोन, फार तर तीन बिअर निवडा, प्रत्येकाने आपली मागवा, आपल्या तोंडाने मागवा. एकमेकांच्या ग्लासातला घोट जरूर घ्या, पण अर्धा ग्लास झाल्यावर. सुरुवातीलाच वाटणी केली की दोघांच्या वाट्याला फक्त पहिला घोट येतो, आणि अनोळखी बिअरचा पहिला घोट हमखास फसवतो. आमच्या त्या सहलीत एकूण ४१ बिअर झाल्या, वही साक्षीला आहे. त्यातल्या किती आठवतात विचारलं तर तो वही उघडतो. मी नाही.

आता अपवाद, नाहीतर कमेंटमध्ये याल. बेल्जियमला जात असाल तर वाटून घ्या, मी वर काहीही म्हटलेलं असलं तरी. तिथे ३३ सेंटिलिटरच्या बाटलीत वेस्टमालची ट्रिपल ही बिअर साडेनऊ टक्के अल्कोहोलची, रोशफोरची '१०' नावाची ११.३ टक्के. दोन पूर्ण घेतल्यात तर हॉटेलचा रस्ता सापडणार नाही. म्युनिकचा एक लिटरचा मगही दोघांत एकच पुरे. आम्ही दोन घेतले आणि तळाची बिअर कोमट प्यायली. चेक प्रजासत्ताकात गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही, तिथे मर्यादा शून्य आहे. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि प्रत्येक बिअर तिसऱ्या ग्लासाला सुधारते असंही नाही, काही मुळातच वाईट असतात.

ती वही अजून आहे. बाम्बर्गच्या पानावर ग्लासाचा गोल डाग, मध्ये त्याचे २ गुण. मागच्या महिन्यात मी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, "८, तिसऱ्या ग्लासानंतर." काल बघितलं तर खाली त्याच्या अक्षरात "अमान्य" लिहिलंय, पुढे तारीख आणि सही.